पाच फ्रेम उशिरा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अपूर्वा चौगुलेने चित्रण थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा मोजलं. पाच. वस्तादांची काठी जागेवर आली होती, खांदा आला होता, नजरही आली होती. डावा पाय पाच फ्रेम उशिरा आला होता.

एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम. नुसत्या डोळ्याला पाच फ्रेम सहज दिसत नाहीत. अपूर्वाला दिसत होत्या, कारण तिचं कामच ते होतं. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत गेलं दीड वर्ष मर्दानी खेळावरचा मुलांचा अ‍ॅनिमेशनपट तयार होत होता. गुंडू वस्ताद तालमीच्या अंगणात काठी फिरवायचे, अपूर्वा मोबाइलवर ते टिपायची आणि मग एकेक फ्रेम पुढे ठेवून त्या हालचालीवर सिनेमातली सोळा वर्षांची मुलगी काढायची. अंग मुलीचं, खेळ चौसष्ट वर्षांच्या माणसाचा.

शॉट एक्केचाळीसमध्ये फिरकी होती. डाव्या टाचेवर अख्खा फेर घ्यायचा आणि काठी पाठीमागून आणायची. हा वस्तादांचा हातखंडा डाव. पुण्याच्या निर्मात्याला डावांना जनावरांची नावं हवी होती, परदेशी सिनेमात असतात तशी. व्याघ्र, करकोचा, नाग. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाघ काय काठी फिरवतोय व्हय?" फिरकी फिरकीच राहिली.

अपूर्वाने जुनी चित्रणं उघडली. नोव्हेंबरात हाच डाव घेतला होता. पाय वेळेवर. मार्चमध्ये पुन्हा घेतला होता. तिथे तिची स्वतःची नोंद होती : "मोबाइल अडकतो. दोन फ्रेम काढल्या."

मोबाइल अडकत असता तर काठीही अडकली असती. काठी अडकलेली नव्हती. तिने नोंद दोनदा वाचली आणि खुर्ची मागे सरकवली.

"एक्केचाळीस झाला का गं?" पलीकडच्या टेबलावरून संगमेशने विचारलं. स्टुडिओ त्याचा होता. तो कुरुंदवाडचा; पुण्याशी फोनवर शुद्ध बोलायचा, इथे नाही.

"पाय मागं राहतोय."

"मग वड की फुडं. मागल्या टायमाला काढलीस तसं."

"मागच्या वेळी मोबाइलची चूक समजून काढलेलं."

"मग आता काय, वस्तादाची चूक?" तो हसला. "पाच वाजता पुण्याला पाठवायचंय. पोरीचा पाय सरळ पायजे. बाकी तुझं तू बघ."

तिने पाय पुढे ओढला. साडेबारा वाजेपर्यंत पडद्यावरची मुलगी स्वच्छ फिरली. तिने ते तीनदा चालवून पाहिलं. काम चांगलं झालं होतं.

एक वाजता ती डबा घेऊन उद्यमनगरात वडिलांच्या शेडवर गेली. भूपाल चौगुले लेथमशीनवर सुटे भाग बनवायचे आणि गुंडू वस्ताद गेली तीस वर्षं त्याच मशीनवर उभे असायचे. शनिवारी मात्र वस्ताद अर्धा दिवसच येत. शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्री काढलेली होती आणि भूपाल बनियनवर उभे राहून गाडी पुसत होते.

गाडी अमेरिकन. दोन दारं, आठ सिलिंडर, डावीकडे स्टिअरिंग, बॉनेट एखाद्या पलंगाएवढं. चौऱ्याण्णव साली हातकणंगल्याच्या एका गोदामात कोंबड्यांच्या खुराड्याखाली ती भूपालांना सापडली. इंजिन जाम झालेलं. भूपाल आणि वस्ताद तीन वर्षं तिच्या मागे होते. त्या जातीच्या गाड्यांना तिकडे घोड्यांची, सापांची, रानमांजरांची नावं देत. हिच्या अंगावरही असंच एक नाव धातूच्या अक्षरांत होतं आणि त्यातली निम्मी अक्षरं पडली होती. पहिल्याच पावसात वस्तादांच्या हाताखाली ती ओल्या रस्त्यावर अख्खी फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. वस्ताद खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "फिरकी बसली." भूपालांनी उरलेली अक्षरं काढून टाकली आणि पेंटरकडून दोन्ही बाजूंना 'फिरकी' असं लिहून घेतलं. तेव्हापासून नात्यागोत्यातल्या प्रत्येक वरातीला फिरकी आणि फिरकीवर वस्ताद. दुसरं कुणी नाही.

"जेवलीस काय?" भूपालांनी विचारलं.

"जेवायलाच आले. पप्पा, उद्या जिनेशच्या वरातीला किती वाजता?"

"साडेनऊला जयसिंगपुरात. जिनेश हार घालून उभा असणार आणि फिरकी न्हाय म्हणजे तुझी काकू मला गावात शिरू द्यायची न्हाय."

अपूर्वाने गाडीचं दार उघडलं. क्लचच्या पेडलवर दोन बोटं जाडीची लाकडाची फळी होती, सायकलच्या ट्यूबने घट्ट आवळलेली.

"हे कधी बांधलं?"

"वस्तादानं. पेडल गुळगुळीत झालंय म्हणला, पाय घसरतोय."

तिने ट्यूब बाजूला करून पाहिलं. पेडलवरचं रबर नवं होतं. भूपालांनीच दिवाळीत बसवलेलं.

"उद्या दुसऱ्या कुणाला बसवलं तर?"

"कुणाला?"

"कुणालाही. वस्तादांचं वय झालंय."

"त्याचं वय?" भूपालांनी फडकं पिळलं. "त्या क्लचला मांडी लागतीय मांडी. तू चालवतीस काय? जिनेशला मांडवाऐवजी दवाखान्यात न्यायचंय?"

एकोणिसाव्या वर्षी वस्तादांनी तिला याच गाडीवर शिकवलं होतं. क्लच दाबताना तिला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. हे भूपालांना माहीत होतं, पण त्याला ते गाडी चालवणं म्हणत नसत.

तिने दार लावलं. वरातीत पोरं बॉनेटपासून दोन हात अंतरावर नाचतात. उलटे चालत, गाडीकडे तोंड करून. हाताशी असलेल्या डब्याचं झाकण तिने उघडलं आणि पुन्हा लावलं.

"जेव की," भूपाल म्हणाले.

"स्टुडिओत जेवते."

चार वाजता वस्ताद जिना चढून आले. शॉट पूर्ण झाला की तो आधी त्यांना दाखवायचा असा पहिल्या दिवसापासूनचा ठराव होता. पांढरा शर्ट, पायजमा, पायात नेहमीच्या कोल्हापुरी चपला. संगमेशने उठून खुर्ची दिली.

"या वस्ताद. तुमची पोरगी तयार हाय."

"माझी कसली. हिची हाय," वस्ताद अपूर्वाकडे मान करून म्हणाले आणि बसले.

अपूर्वाने शॉट लावला. मुलगी पुढे आली, टाचेवर फिरली, काठी पाठीमागून वीज यावी तशी आली. धूळ उडाली. चार सेकंद. वस्तादांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

"झकास फिरतीय," ते म्हणाले. "पाय कसा बरुबर येळंला येतोय बग."

संगमेशचा फोन वाजला, पुण्याचा होता. तो बोलत बाहेरच्या खोलीत गेला.

वस्ताद पडद्याकडेच पाहत होते.

"तू वडलास व्हय पाय?"

अपूर्वाने माउसवरचा हात काढला.

"व्हय."

"माझं दाव."

तिने सकाळचं चित्रण लावलं. तालमीचं अंगण, लाल माती, वस्ताद. तिने नेहमीच्या वेगाने चालवलं, मग सावकाश. काठी आली. खांदा आला. टाच मातीवरून घसटत उशिरा आली आणि मागे बोटभर रेघ उमटली.

"किती?"

"पाच फ्रेम."

"म्हंजी किती ते सांग की."

तिने टेबलावर बोटाने दोन ठोके दिले, एकामागे एक, जवळजवळ चिकटून. "एवढं."

वस्तादांनी स्वतःच्या बोटाने तसंच करून पाहिलं. पुन्हा केलं.

"लई न्हाय."

"न्हाय."

"पर हाय."

तिने चित्रण टाचेवर थांबवलं. मग म्हणाली, "मार्चमध्ये दोन होत्या. मला वाटलं मोबाइल बिघडलाय. मी काढून टाकल्या. तुम्हाला सांगितलं नाही."

"मार्च म्हंजी शिमगा?"

"हं."

वस्तादांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"लाकूड बी शिमग्यातच बांधलंय," ते म्हणाले. "तुझ्या बापाला सांगितलं, पेडल गुळगुळीत झालंय. नव्या रबराला गुळगुळीत म्हणालो आणि त्यानं ऐकून बी घेतलं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दावलंय. गोळ्या हायत्या. आनी एक तपासणी सांगिटलीया मिरजंला. लगीन झाल्यावर जातो म्हणलं."

टेबलावरचा अपूर्वाचा फोन वाजला. पडद्यावर पप्पा. तिने वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीने खूण केली, घे. तिने स्पीकर लावला.

"अप्पू, वस्ताद आलाय काय तिथं? त्याला सांग, गाडी धुऊन, हवा भरून ठेवलीया. सकाळी साडेसातला शेडवर ये म्हणावं. आणि फेटा जिनेशकडनं हाय, घरचा आणू नको म्हणावं. ऐकतीस काय?"

"ऐकतोय की," वस्ताद मोठ्याने म्हणाले.

"आलास व्हय! मग झालं. पोरांनी हलगी सांगितलीया. गाडीफुडं नुसता धुरळा करणार हायेत. सांभाळून घे."

"बरं."

फोन बंद झाला. बाहेरच्या खोलीत संगमेश कुणाला तरी आकडे सांगत होता. एक्केचाळीस, बेचाळीस.

"पोरीचा पाय सरळच ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले. "पोरं बघून शिकत्यात."

"बरं."

"माझं ते पुसून टाक."

तिने पुसलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. ते उठले. कमरेच्या काळ्या दोऱ्याला हात घातला, गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. पितळी कडीतली फिरकीची किल्ली निघाली. अपूर्वाने नकळत हात पुढे केला.

तालमीत वस्ताद काठी कुणाच्या हातात देत नसत. दीड वर्षापूर्वी पहिल्या दिवशी तिने असाच हात पुढे केला होता आणि पोरं हसली होती. काठी जमिनीवर ठेवायची आणि देणाऱ्याने दोन पावलं मागे सरायचं. ज्याला खेळायचं असेल त्याने वाकून उचलायची. उचलली की पुढे जे होईल ते त्याचं.

वस्ताद वाकले आणि किल्ली फरशीवर ठेवली, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. मग मागे सरले. एक पाऊल. दुसरं.

"वस्ताद, मी वरातीत कधी चालवली नाही."

"म्या बी पैल्यांदा चालवली तवा कवा चालवली हुती?"

"पप्पा बसू देणार नाहीत."

"तुझ्या बापाशी मी बोलतो." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "न्हायतर तू बोल. पाचाचं त्याला नीट सांग. टेबल वाजवून सांग, म्हंजी कळंल."

ते गेले. जिन्यावर चपलांचा आवाज येत राहिला, एक जड, एक घसटता. अपूर्वा शेवटच्या पायरीपर्यंत मोजत होती.

संगमेश आत आला, त्याची चप्पल किल्लीवर पडता पडता राहिली. "हे कुणाचं पडलंय गं?"

"पडलेलं नाही. राहू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे, आणि वळसा घालून आपल्या टेबलाशी गेला. बरोबर पाच वाजता शॉट एक्केचाळीस पुण्याला गेला. पाच वाजून वीस मिनिटांनी भूपालांचा फोन आला, मग पुन्हा आला. दोन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. सकाळचं चित्रण पडद्यावर अजून तसंच थांबलेलं होतं, टाच मातीत, काठी पुढे. किल्ली फरशीवर होती. अपूर्वाने डावी चप्पल काढली, टेबलाखालच्या लोखंडी आडव्या दांडीवर पाय ठेवला आणि खुर्चीवरून अर्धं उठत ती क्लचसारखी दाबून पाहिली.