आठ सोनेरी, एक काळा

२०१८ सालचा श्रावण. सकाळची वेळ होती. शकू माझ्या दारात उभी राहिली ती हातात स्टीलची वाटी घेऊन. वाटीत मेलेला मासा होता आणि शकूच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ताई, गेला बघा एक! यांच्यावरचं संकट घेऊन गेला."

"आधी ती वाटी खाली ठेव. पुन्हा आमटीला घेणार आहेस का ती?"

"टाकून देईन हो वाटी. काल यांची साखर उतरल्याचा रिपोर्ट आला आणि आज सकाळी हा गेला. आता बोला!"

शकूला हसताना बघून कितीतरी दिवस झाले होते.

कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत शकू आणि तिचा नवरा गोपाळकृष्ण समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. ती अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे शिवायची. तो खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात कारकून होता. मला ते आपल्या धाकट्या भावंडांसारखे. गोपाळराव निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. ऑपरेशन करायचंच होतं, पण साखर ताब्यात येईपर्यंत डॉक्टर तारीख देत नव्हते.

त्या थांबण्याच्या दिवसांत गोपाळरावांचे चुलतभाऊ बापूराव भेटायला आले आणि वास्तू बघून गेले. ईशान्येला माशांची टाकी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. घरावर जे काही यायचं असेल ते मासा आपल्या अंगावर घेतो. एक गेला की लगेच दुसरा आणायचा, नऊ मोडू द्यायचे नाहीत. चहा पिऊन बापूराव गेले आणि चौथ्या दिवशी टाकी आली.

सोनेरी आठ सहज मिळाले. त्यांच्या जातीतला काळा दुकानात नव्हता. शकूने विचारलं, "हा दुसरा काळा चालेल का?" दुकानदार म्हणाला, "बाई, काळाच पाहिजे ना? मग हा काय निळा आहे?" घेऊन आली.

दुसरा मासा गेला तेव्हा गोपाळरावांची धाप कमी झाली होती. तिसरा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. शकू मेलेला मासा जास्वंदीच्या कुंडीत पुरायची, हात जोडायची आणि संध्याकाळी नवा घेऊन यायची. तिला जेवण जाऊ लागलं, झोप येऊ लागली.

एका दुपारी ती औषधं आणायला गेली होती. मी गोपाळरावांजवळ बसले होते. त्यांची कॉट हॉलमध्येच, टाकीच्या बरोबर समोर.

"वहिनी," ते म्हणाले, "आयुष्यभर धरणाचं पाणी बघितलं. आता घरातही पाणीच बघतोय."

"करमणूक होते ना तेवढीच."

"कसली करमणूक? तो काळा मारतो त्यांना. संकट-बिंकट काही नाही." त्यांनी बोटाने दाखवलं. "तो मोठा दगड आहे ना, तिथपासून सगळं त्याचं. कुणी फिरकलं की शेपटी कुरतडतो. तो कोपऱ्यातला लहाना बघा, पंपाच्या नळीच्या मागे. तीन दिवस खायलासुद्धा वर आलेला नाही. टीव्ही बंद करता येतो हो, हे बंद करता येत नाही."

"मग शकूला सांगा."

"सांगून? तिच्याकडे तेवढाच तर धीर आहे. तो मी काढून घेऊ?"

शकूला ते नाही बोलले, मीही नाही. पण शनिवारी त्यांची मुलगी सृष्टी आली. हिंजवडीत कंपनीत होती, तिथंच मैत्रिणींबरोबर राहायची. टाकीपुढे पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हा सिक्लिड आहे, भांडखोर जात. गोल्डफिशबरोबर ठेवतच नाहीत त्याला. इट्स प्युअर अ‍ॅग्रेशन."

"कोण म्हणतं?"

"मी वाचलंय, आई. सगळीकडे लिहिलंय."

"मग तिथंच वाच, बाबांचं ऑपरेशन कसं होईल ते."

सृष्टी हटली नाही. बाह्या सरसावून तिने टाकीतले सगळे दगड हलवले. जागा ओळखीची राहिली नाही की त्याला आपली हद्द कळत नाही, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, काळा दोन दिवस पाहुण्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी त्याने नवी हद्द आखली, पहिलीपेक्षा मोठी.

"वेगळाच ठेवायला हवा, नाहीतर दुकानात परत देऊ," सृष्टी फोनवर म्हणाली.

"परत कसा देणार?" गोपाळराव म्हणाले. "रंग बघून आणला आपण, स्वभाव कुणी विचारला? लग्नंसुद्धा अशीच ठरवतात आपल्याकडे." मग शकूकडे वळून म्हणाले, "शकू, मध्ये जाळी लाव. मला बघवत नाही गं."

संकटाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. फक्त बघवत नाही म्हणाले. शकूने प्लॅस्टिकची जाळी आणली, तिच्या कडेला पट्ट्या लावून बाइंडिंगच्या दोऱ्याने अशी शिवली की मुंगी पलीकडे जाऊ नये. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला आठ. लहाना नळीमागून बाहेर आला. मासे मरायचे थांबले.

आणि शकूची झोप पुन्हा उडाली. ती येता-जाता टाकीत डोकवायची. माशांना जिवंत बघून तिचा चेहरा उतरायचा. कुणाला सांगता येण्यासारखं दुःख नव्हतं ते.

ऑपरेशनची तारीख मिळाली. दवाखान्यात दाखल व्हायच्या सकाळी मी किल्ली घ्यायला गेले. सृष्टी पिशव्या घेऊन खाली रिक्षापाशी गेली होती. गोपाळराव आत शर्ट घालत होते. शकू ठेवणीतली साडी नेसून टाकीपाशी उभी होती आणि तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून जाळी वर उचलली होती.

"शकू, काय करतेस?"

"महिना होऊन गेला ताई, एकही गेला नाही."

"बरंच झालं की मग."

"बरं कसं? आज यांनी कुणाच्या जिवावर जायचं?"

काळा आपल्या जागेवरून हलला. सावकाश, घाई नसल्यासारखा, पलीकडे गेला. लहाना नळीमागे शिरला. शकूने जाळी काठावर टेकवली आणि ओले हात जोडले.

दारातून आवाज आला. "जाळी लाव, शकू." चौकटीला धरून गोपाळराव उभे होते.

"नाही."

"त्या एवढ्याशा जिवाने माझ्यासाठी का मरायचं? त्याचं माझं काय नातं?"

"मग कुणी मरायचं?" शकू ओरडलीच. "मी तयार आहे हो! मला विचारतंय कोण?"

गोपाळराव येऊन कॉटवर टेकले. श्वास लागला होता.

"तू गेलीस तर माझ्या गोळ्या कोण देणार? वहिनींना तर निळी कुठली आणि पांढरी कुठली तेही कळत नाही."

शकू हसली नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "वाचलो तर मला रोज या टाकीच्याच समोर बसायचंय. त्या लहान्याच्या जिवावर आलो म्हणून तोंड लपवत बसू? लाव ती. आपण असेच जाऊ."

शकूने जाळी पाण्यात सोडली. एकटीला ती बसवता येईना. तेव्हा गोपाळराव उठले आणि दुसरं टोक त्यांनी धरलं. काळ्याला हुसकावून त्याच्या बाजूला घातलं, जाळी बसवली. दोघं जिना उतरले तेव्हा दोघांच्याही बाह्या निथळत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. गोपाळराव त्यानंतर दोन वर्षं छान जगले, त्या कॉटवर बसून माशांना दाणे घालत. मग एका थंडीत झोपेतच गेले. सुतकात भेटायला आलेले बापूराव टाकीकडे बघून म्हणाले, "जाळी लावायला नको होती, वहिनी." शकू म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा." बापूराव आता लोकांना घरात ठेवायला पिरॅमिड सुचवतात, असं ऐकते.

सृष्टी खराडीला असते. नवरा विदर्भातला आहे, मुलगी दोन वर्षांची. आईला घेऊन जाते म्हणते, आई जात नाही. माझे गुडघे गेले, म्हणून मला पुतण्याने कोथरूडला आणलं. सोनेरी मासे एकेक करून गेले. लहाना सगळ्यांत शेवटी. शकूने तेव्हा फोन केला होता. काळ्याने मारलं का, असं मी घाबरत विचारलं, तर म्हणाली, "म्हातारा झाला होता हो, दुसरं काय."

दिवाळीत तिच्याकडे गेले होते. टाकीत आता काळा एकटाच, अंगावरचा रंग विटलेला. जाळी दिसली नाही.

"काढलीस का?"

"केव्हाच. कुणाला जपायचंय आता? पण हा पलीकडे जातच नाही. जाळी होती तिथपर्यंत येतो आणि वळतो."

तिने डबीतून चिमूटभर दाणे घेतले आणि मुद्दाम पलीकडच्या बाजूला टाकले.

"रोज तिकडेच टाकते," ती म्हणाली. "थोडा वेळ थांबतो बिचारा. मग मी इकडे देते."

दाणे पाण्यावर तरंगत होते. आम्ही दोघी बघत बसलो.