नाळ कुठं पुरायची

२०२० सालची ही गोष्ट. त्या चैत्रात बेलापूरच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर मनकर्णा अडकून पडली होती. ऊस तोडून संपला होता, गुळाचं चुलवाण थंड पडलं होतं, बैलसुद्धा उभे राहून कंटाळले होते. पण जिकडंतिकडं टाळेबंदी, आणि पाथर्डी तालुक्यातलं गाव बैलगाडीनं दोन दिवसांवर. जावई कर्नाटकात कुठल्या कारखान्यावर अडकलेला. लेक दिपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे काय, तर उसाच्या पाचटाची कोपी. आईबाप जिथं ऊस तोडतील तिथं माहेर.

मनकर्णाला एकच ध्यास होता. नातवंडाची नाळ आपल्या गावच्या मातीत पुरायची. दिपालीची नाळ तिनं उसाच्या कुठल्याशा फडाच्या बांधाला पुरली होती. कुठल्या, ते आता तिलाच सांगता आलं नसतं. पोरगी चालायला शिकली ती फडात, आणि दिली तीही ऊसतोड्यांच्याच घरात. ज्याची नाळ उसात, त्याचा जन्म उसात, असं मनकर्णाच्या मनानं घेतलं होतं.

एक दिवस नवऱ्यानं, हनुमंतानं, गाडी जुंपली. फाट्यावर पोलिसांनी काठी आडवी धरून ती वळवली. मग मनकर्णानं दिराला फोन लावला. आसाराम गावचा सरपंच होता.

"वहिनी, शिवंवर बाभळीचे काटे टाकलेत. मीच टाकलेत. लोक म्हनत्यात, कारखान्याकडली मानसं नकोत."

"कारखान्याकडली? भावजी, माझं घर हाय तिथं!"

"घर कुठं पळून चाललंय? पर आत्ता न्हाई."

"दिपालीचे दिवस भरलेत."

"वहिनी, मला ह्याच लोकांत ऱ्हायचंय," असं म्हणून आसारामनं फोन ठेवला.

"हितं आमी पाथर्डीकडची, तिथं कारखान्याकडली," मनकर्णा रागानं म्हणाली. "आवो, आपून नेमके कुठले?"

"गाडीवरचे," बैल सोडता सोडता हनुमंत म्हणाला.

गुऱ्हाळाची म्हातारी मालकीण झुंबरबाई तोंडाला पदर लावून बांधावर बसली होती. ती हसली. "माझे आजेसासरे पाटाला पाणी आलं तेव्हा सासवडहून आले. मला इथं येऊन साठ वर्षं झाली, अजून गावात मी सासवडकरीणच. मागनं गुळव्या आला कोल्हापूरचा, मग तुम्ही डोंगराकडले, आता चुलवाणावर ही सहारनपूरची माणसं. जो येतो तो आधीच्यांचं ऐकून घेतो, आणि मागनं येणाऱ्याला ऐकवतो."

दिपालीला भर दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, ती आलीच नाही. धावून आली सहारनपूरच्या गुळव्याची बायको फूलमती. ती आपल्या बोलीत मनकर्णावर खेकसायची, मनकर्णा आपल्या बोलीत तिच्यावर. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. शेवटी दिपालीच ओरडली, "आगं, दोघी गप बसा की!" आणि मुलगी झाली.

वार कोपीमागं पुरावी लागली, इलाज नव्हता. पण चारपाच दिवसांनी नाळ गळून पडली, ती मनकर्णानं चिंधीत बांधून कनवटीला खोवली.

झुंबरबाई टोपडं घेऊन आली. "आमच्या आंब्याखाली पुर ना. माझ्या सासूनं थोरल्या दिरांची तिथंच पुरली. तेव्हापासून आम्ही इथले झालो."

"बाई, तुमी पुरली ती तुमच्या जमिनीत," मनकर्णा म्हणाली. "आमी पुरली तरी ती तुमच्याच जमिनीत ऱ्हाईल."

झुंबरबाई टोपडं दिपालीच्या उशाशी ठेवून गेली.

पुढं ऊसतोड्यांना गावी जायचे परवाने निघाले. गावाच्या शिवेवर आसारामनं काटे गाडीपुरतेच बाजूला ओढले आणि लांबूनच शाळेकडं हात केला. चौदा दिवस सगळ्यांना तिथंच वेगळं ठेवलं. शाळेच्या खोलीच्या खिडकीतून मनकर्णाला आपल्या घराचे पत्रे दिसायचे. सुटका झाल्यावर ती आधी घरी गेली, उंबऱ्याशी खड्डा केला, नाळ पुरली आणि पायानं माती दाबली.

दसरा झाल्यावर हनुमंतानं पुन्हा गाडी जुंपली. पोर टोपडं घालून गाडीत होती. पहिलं पाऊल तिनं उसातच टाकलं.

आसाराम पुढची निवडणूक हरला. ज्यांच्यासाठी काटे टाकले, त्याच लोकांनी हरवलं. झुंबरबाई दोन वर्षांनी गेली. तिचा नातू राधाकृष्ण कॅनडात आहे, तिथं त्याला काय म्हणून ऐकवतात ते त्यालाच ठाऊक. फूलमती गुऱ्हाळावरच राहिली. तिला मुलगा झाला, त्याची नाळ आंब्याखाली आहे. पोरगा "लई भारी" म्हणतो, आणि गावातली पोरं त्याला भय्या म्हणतात. दिपाली अजून नवऱ्याबरोबर ऊस तोडते.

मनकर्णाचे गुडघे गेले. नातीची शाळा बुडू नये म्हणून दोघींना आता गावातच ठेवतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत आळीत सगळीकडं कुलपं असतात. बोलायला माणूस नसतं. नात शाळेत गेली की मनकर्णा उंबऱ्यावर बसून असते, आणि बैलगाडीचा आवाज आला की उठायला बघते.