अकरा शाब्बास

माणसं बोलतात ते कुणीही टाइप करील. मी न बोललेलंही टाइप करतो. तीन सेकंदांवरची प्रत्येक शांतता कंसात, आकड्यासकट. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर घरी बायको गप्प झाली तरी माझं मोजणं सुरू होतं. ती म्हणते, "मोजा, मोजा. संध्याकाळपर्यंत पुरेल."

मी ज्यांच्याकडे काम करतो त्या बाई मानसतज्ज्ञ. ज्या मुलांवर अत्याचार झाला, त्यांच्याशी बोलतात आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देतात. मुलाखतीचं रेकॉर्डिंग मी कानाला लावून उतरवतो आणि खाली सही करतो : 'ऐकले तसे उतरवले.' त्या कागदावर कोर्ट भरवसा ठेवतं, म्हणून मुलांना सगळ्यांसमोर पुन्हा सांगावं लागत नाही.

पहिल्याच वर्षी बाई मला म्हणाल्या होत्या, "अहो, माझं हं-हूं कशाला छापता? म्हैस रवंथ करतेय असं वाटतं." तेव्हापासून त्यांचं हं, हूं, बरं, अच्छा मी गाळत आलो. हाताला वळणच पडलं.

ही मुलगी नऊ वर्षांची. आरोपी तिच्या आत्याचा नवरा. मुलाखत बावन्न मिनिटांची, त्यात चौदा मिनिटं नुसती शांतता. बाईंच्या तोंडून अधूनमधून 'शाब्बास' येत होतं, तेही हं-हूंच्या पाठोपाठ गळालं. गाळलं, पण मोजलं. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघा, रेघेशेजारी पान नंबर. अकरा. खोड आहे, दुसरं काय.

बाईंच्या साक्षीच्या दिवशी मुलीची आई तिला घेऊनच आली होती. पूर्वी आत्याकडे ठेवायची, आता ठेवायला घर उरलं नव्हतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर मला पाहून सरकून बसली.

"दादा, तुमच्या कागदामुळे सुटली हो माझी पोर. परत नाही ना सांगावं लागणार?"

"नाही, ताई," मी म्हणालो. बिनधास्त.

आरोपीचे वकील हळू आवाजाचे. प्रश्नाआधी चष्मा पुसायचे, आणि जितका जास्त पुसतील तितका प्रश्न वाईट. त्या दिवशी बराच वेळ पुसला.

"मुलाखतीत मुलीच्या एखाद्या उत्तराचं कौतुक केलंत का?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. "मुलं मोठ्यांना खूश करायला बघतात. एका उत्तराला शाबासकी दिली की पुढचं आपल्याला हवं तसं येतं. आमच्या कामातला हा पहिला धडा. प्रत पाहा, एक शब्द सापडणार नाही."

सापडणार कसा?

मी मागच्या बाकावर होतो. कागद उलटला आणि पान नंबर पडताळू लागलो. शाळा, मांजर, मैत्रीण, या पानांवर एकही रेघ नाही. अकराच्या अकरा आत्याच्या नवऱ्याबद्दलच्या उत्तरांपाशी. एवढा हिशोब महिनाभर माझ्या टेबलावर पडून होता, आणि मी त्यावर चहाचा कप ठेवत होतो.

जेवणाच्या सुट्टीत बाईंना जिन्यात गाठलं.

"मी? शाब्बास?"

"अकरा वेळा."

"आणि तुम्ही गाळलंत."

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी हं-हूं म्हटलं होतं."

ते खरंच होतं. बाई गप्प झाल्या. नऊ सेकंद.

"पोर खरं बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही ठाऊक आहे."

"हो. आणि रेकॉर्डिंग अजून कुणी मागितलेलं नाही."

हे वाक्य मी बोललो. बाई नाही, मी. कुणाच्या नावावर मांडायचंच तर माझ्या मांडा.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदाची घडी घालू लागलो. "घडी घालू नका," त्या म्हणाल्या. "द्या इकडे. खोटं मी बोलले आत, सही तुमची आहे. दोघांचंही निस्तरायला हवं."

सुट्टीनंतर त्यांनी स्वतःहून उठून सांगितलं. रेकॉर्डिंग लावलं गेलं. भर कोर्टात बाईंचा आवाज मायेने शाब्बास म्हणत होता, आणि समोर बाई खाली मान घालून उभ्या होत्या. न्यायाधीशांनी मुलाखत पुराव्यातून बाजूला काढली. दुसरे तज्ज्ञ मुलीशी नव्याने बोलतील, म्हणाले. तोपर्यंत आत्याच्या नवऱ्याला जामीन. वकिलांनी चष्मा खिशात ठेवला.

बाहेर आईला सांगायचं काम मी मागून घेतलं. एवढं तरी.

"परत? पहिल्यापासून?"

"हो. चूक माझी झाली. मी शब्द गाळले होते."

"किती वेळ लागेल तिला?"

बावन्न मिनिटं, ओठांवर आलंच होतं. त्यातली चौदा गप्प राहण्याची. बोललो नाही.

तिने बाकाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं. "बरं, साहेब," म्हणाली. सकाळी दादा होतो.

मुलगी बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा गाठ नीट बसली आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नुसतंच, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखं. शब्द माझ्या ओठांशी आला होता. मी तो गिळला, आणि ती आईचा हात धरून निघून गेली.