फाटकाच्या डावीकडून दुसरा

मी बोलतोय, माळावरच्या दगडांच्या वर्तुळातला, फाटकाच्या डावीकडून दुसरा. जरा बुटका आहे, त्यामुळे लोकांच्या फोटोत सहसा येत नाही.

कोणे एके काळी माणसांनी मला डोंगरातून ओढत आणलं. आपल्यातल्या एकाला पुरून त्यांनी वर मातीचा मोठा ढीग रचला आणि भोवती आम्हाला उभं केलं. सुरुवातीला ती माणसं यायची, रडायची. मग यायची बंद झाली. तो पुरलेला कोण होता, हे अभ्यासक अजून शोधताहेत. मला विचारू नका, आमची ओळख कोणी करून दिली नव्हती.

पुढे मी कलंडलो. गवतात पडलेला असताना एका गवंड्याची नजर माझ्यावर गेली. त्याचं नवीन लग्न झालं होतं. त्यानं मला घरी नेलं आणि मागच्या अंगणात विटांवर बसवलं, बरोबर बायकोच्या कमरेएवढ्या उंचीवर.

"आता धुणं धुताना वाकायला नको," तो म्हणाला.

"लग्नानंतरची पहिली भेट, आणि ती दगड?" ती म्हणाली, पण हसली.

मी मात्र रुसलो. कुठे माझी भावंडं आणि कुठे हा साबणाचा फेस! ती नवऱ्याचे सिमेंटनं कडक झालेले सदरे धुवायची, मुलांची दुपटी धुवायची. सासूबाईंची चादर जरा जास्तच जोरात आपटायची. घरात जे बोलता येत नसे, ते मला सांगायची. तिच्या हाताखाली माझी वरची बाजू गुळगुळीत झाली, मधे खळगा पडला. मी ऐकायचो, पण लक्ष सगळं माळाकडे.

गवंडी वारला आणि काही दिवसांनी वर्तुळातला हरवलेला दगड शोधत पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. तिनं माझ्या खळग्यातलं पाणी पदरानं पुसलं.

"न्या," ती म्हणाली. "त्याचं घर तिकडे असेल तर मी कशाला अडवू? फक्त ही बाजू बाहेर ठेवा. मला ओळखू येईल."

मी खुशीत निघालो. मागे वळूनही पाहिलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

साहेबांना ती बाजू खराब वाटली. त्यांनी ती आत, ढिगाकडे फिरवली आणि बाहेरून तारेचं कुंपण घातलं. भावंडं माझ्याशी बोलत नाहीत. बहुधा ती कधीच बोलत नव्हती.

परवा ती आली, काठी टेकत.

"आजी, आत जायचं नाही. हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"अरे, जन्मभर आपटलंय मी त्याच्यावर."

"कोणता तुमचा?"

तिला सांगता येईना. एकेक दगड बघत ती शेवटी माझ्या शेजारच्या उंच दगडापुढे थांबली. तारेतून बोटं घालून त्याला म्हणाली, "बरा आहेस ना? घरी आता मशीन आलंय. कपडे छान निघतात. पण बोलायचं कोणाशी रे?"

मी हातभर अंतरावर होतो. तिनं जरा वाट पाहिली, मग पुटपुटली, "परका झालास."

ती कुठे भेटली तर तिला एवढं सांगा, तो नव्हे, त्याच्या शेजारचा बुटका. पाठ करून उभा आहे, पण ती त्यानं फिरवलेली नाही.