गिधाडबाईचा चेहरा

चित्रकार बाई चित्र वाळायची वाट बघत होती आणि घरचे त्यात आपापलं तोंड शोधत होते.

काळ्या पाण्यावर तरंगणारा पलंग, त्यावर झोपलेला गाढवाच्या कानांचा राजा, उशाशी स्वतःचीच शेपटी गिळणारा साप आणि पायथ्याशी बाईच्या तोंडाचं गिधाड. स्वप्नात दिसलं तसं तिनं रंगवलं होतं. दीर ते कान आपलेच समजून फुगून बसला. नणंदेनं साप स्वतःवर ओढवून घेतला. एरवी तिच्या चित्रांकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांना एकाएकी कलेची केवढी जाण आली होती! तिला मात्र कुणी काही विचारलं नाही.

नवऱ्याला तर गिधाडात आपली आईच दिसली. चित्र सोमवारी प्रदर्शनात लागणार, सगळे नातेवाईक बघणार, तेव्हा चेहरा बदल, असा त्यानं धोशा लावला. तिनं साफ नकार दिला.

शनिवारी ती सुताराकडून चौकट घेऊन आली, तर खोलीत टर्पेंटाइनचा भपकारा. पंख जागच्या जागी होते. तोंडाच्या जागी नुसता राखाडी फराटा. चिंधी नवऱ्याच्या हातातच होती. आईची अब्रू वाचवली, असं तो वर तोंड करून सांगत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या आई नव्हत्या," ती म्हणाली. "मी होते."

त्याला पटेना. मग तिनं सगळंच सुनावलं. चित्रासाठी जरा समोर बसा म्हणून तिनं घरात प्रत्येकाच्या विनवण्या केल्या होत्या. एकालाही सवड नव्हती. शेवटी आरशात बघून तिनं राजा, गिधाड, सगळे स्वतःवरूनच रंगवले. सापाचे डोळेसुद्धा तिचेच.

"पण ती तुझ्यासारखी दिसत नव्हती," तो चाचरला.

"रोज समोर बसून जेवता. सांगा, कशी दिसते मी?"

तो चित्राकडे वळला, पण गिधाडाला आता तोंडच नव्हतं.

तिनं भिंतीवरचा जड आरसा उतरवला, त्याला स्टुलावर बसवून आपल्याकडे तोंड करून धरायला दिला आणि उजेड जाईपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं. थोड्याच वेळात त्याचे हात भरून आले. जरा खाली ठेवू का, असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. आरशाच्या कडेवरून त्याला फक्त तिचा चेहरा दिसत होता, संतापानं लाल झालेला, आणि ती तोच जसाच्या तसा गिधाडाला देत होती.