पाठ फिरवून पाहायचा दगड

मी अमानोहाशिदातेच्या टेकडीवरचा दगड बोलतोय. खरं तर मी देवळाची पायरी होणार होतो. पण पाथरवटाच्या हातून माझा एक कोपरा उडाला आणि मला इथे कड्याशी टाकून दिलं. खाली खाडी आहे. तिच्या या तीरापासून त्या तीरापर्यंत वाळूची लांब पट्टी गेली आहे, तिच्यावर पाइनची दाट झाडं. ते बघायला लोक कुठून कुठून येतात.

आणि इथे येऊन करतात काय? माझ्यावर चढतात, त्या देखाव्याकडे पाठ करतात, ओणवे होतात आणि स्वतःच्या दोन पायांमधून बघतात. मग आकाश खाली येतं आणि वाळूची पट्टी स्वर्गात जाणारा पूल दिसते. न्यायाधीश असो की नवी नवरी, ओणवं सगळ्यांनाच व्हावं लागतं. मला त्याचं हसू येतं, पण लोक आवडतातही.

ओणव्या माणसाला भोवळ येते आणि कडा जवळ आहे. म्हणून दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून त्याचा कमरपट्टा धरायचा, अशी इथली रीत आहे.

एका शरदात मोरिझो नावाचा रेशीम विणणारा आला. सोबत बायको तोमिए आणि मुलगी चिझुरू. टेकडीच्या पायथ्याशी जन्म गेला, पण वर पहिल्यांदाच चढले होते. चिझुरू माग सोडून पार उत्तरेला, होक्काइदोला नोकरीला निघाली होती. संध्याकाळची गाडी होती. तिने जायचं ठरवल्यापासून, म्हणजे नवीन वर्षापासून, बाप तिच्याशी बोललेला नव्हता. आज न बोलता गेली तर कायमचंच तुटेल, या भीतीने तोमिएने दोघांना वर ओढून आणलं होतं.

चिझुरू माझ्यावर चढली, तशी तोमिए नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिला धरा. माझे हात दुखतायत."

"मग वाकू नको म्हणावं तिला."

"तुम्हीच सांगा की! तोंड आहे ना?"

मोरिझोने दोन बोटांनी मुलीचा पट्टा धरला, ओला मासा धरावा तसा. चिझुरूने पाहिलं आणि ती खाली उतरली.

"बाबा, आता तुम्ही."

"ते कसले वाकतायत! आजवर कधी मान तरी वाकली का ह्यांची?" तोमिए म्हणाली.

हे लागलं. मोरिझो तरातरा माझ्यावर चढला आणि ओणवा झाला. चिझुरूने त्याचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"दिसला का पूल?" तोमिएने विचारलं.

मग खालून आवाज आला, "चिझुरू, तिकडे बर्फ फार पडतो म्हणे."

तिने पट्टा आणखी आवळला. "हो, बाबा."

"सुती मोजे नको नेऊस. लोकरीचे घाल."

"हो."

"उठा आता, रक्त उतरेल डोक्यात," तोमिए म्हणाली.

"पूल दिसला नाही अजून. धरून ठेव गं."

आकाश स्वच्छ होतं. पूल लख्ख दिसत होता. पण मोरिझोच्या डोळ्यांतलं पाणी कपाळावर आणि कपाळावरून माझ्यावर पडत होतं. वर उभ्या असलेल्या दोघींना ते दिसलं नाही. मला त्या हट्टी माणसाबद्दल फार माया वाटली.

संध्याकाळच्या गाडीने चिझुरू गेली.

आता माझ्यावर पावलांचे दोन खळगे पडलेत. कड्याला कठडाही बसवलाय, त्यामुळे हल्ली कुणी कुणाला धरत नाही. एकेकटे येतात, वाकतात, फोटो काढून जातात. माझं एवढंच मागणं आहे: येताना धरणारं कुणीतरी घेऊन या.

गेल्या शरदात चिझुरू आली होती, अर्धे केस पांढरे झालेली. सोबत काठी टेकत मोरिझो. त्याला आता वाकता येत नाही. ती माझ्यावर चढून ओणवी झाली, तशी त्याने काठी टाकली आणि तिचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, कठडा आहे आता. काठी घ्या, पडाल."

"तू सावकाश बघ गं. मी धरलंय."