कुलूपकाकू आणि गोड आवाजाचा साहेब

घरातल्या कुणाला नोकरी लागायची असली, की आपण सगळे तोंडाला टाके घालून बसतो. पक्कं होईपर्यंत कुठं बोलायचं नाही, कुणाची नजर कशी असते सांगता येत नाही. या बाबतीत आमच्या कथेतल्या काकूंचा हात कुणी धरला नसता. त्यांच्या साखरेच्या डब्याला कुलूप, गच्चीवरच्या शिडीला कुलूप, आणि सगळ्यात भक्कम कुलूप तोंडाला. शेजारणीनं सहज विचारावं, आज काय केलंत, तर काकू सांगणार, जेवण. डॉक्टरांनी वय विचारलं तर म्हणणार, तुम्हीच अंदाज करा, शिकलेले आहात. इमारतीत त्यांना मागून सगळे कुलूपकाकू म्हणत. काकूंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

काकूंची लेक शिकून घरी बसली होती. तिनं नोकरीसाठी इंटरनेटवर आपली माहिती टाकली आणि पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या कंपनीतून फोन आला. लेक न्हाणीघरात, म्हणून तो काकूंनी घेतला. पलीकडून कुणी साहेब बोलत होता. आवाज असा, की पोळीवर तूप ओतावं. साहेब म्हणाला, आई, तुमच्या मुलीला तुम्ही फार छान वळण लावलंय, अर्ज वाचतानाच कळतं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं, ते परक्या माणसानं पहिल्याच फोनवर म्हटलं. काकू विरघळल्या. मग साहेबानं हळूच सांगितलं, की निवड जाहीर होईपर्यंत कुठं बोलू नका, लोक जळतात. झालं. काकूंची खात्रीच पटली, की माणूस आपल्याच वळणाचा आहे.

तेव्हापासून साहेबाचे फोन सुरू झाले. आधी जन्मतारीख मागितली, मग ओळखपत्राचा फोटो, मग सहीचा नमुना. लेक आनंदानं देत गेली. बँकेचं खातं मागितलं तेव्हा मात्र ती जरा अडखळली. अजून मुलाखतही झाली नाही, खातं आत्ताच कशाला, असं म्हणाली. त्यावर काकूंनी तिला एका वाक्यात गप्प केलं, "मग पगार काय पदरात घालून आणणार आहेस?"

काकांना यातलं अर्धंच सांगितलं होतं, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. समोरच्या शिवणवहिनींना तर काहीच नाही. वहिनी घरीच कपडे शिवायच्या. अख्ख्या इमारतीची मापं त्यांच्याकडे, आणि काकूंच्या मते अख्ख्या इमारतीच्या बातम्याही. पण मुलाखतीसाठी लेकीला कोट हवा होता आणि वहिनींसारखा कोट कुणाला जमत नव्हता. म्हणून काकूंनी ठोकून दिलं, की भाच्याचं लग्न आहे.

"लग्नाला काळा कोट?" वहिनी म्हणाल्या. "भाच्याचं लग्न लावायचंय की त्याच्यावर खटला चालवायचाय?"

काकूंनी घाईघाईनं विषय बटणांवर नेला.

कोट अंगावर घालून बघायच्या दिवशी लेक फोटो काढायला बाहेर गेली होती. तिचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला. वहिनींना घाई होती. काकू म्हणाल्या, माझ्याच अंगावर बघा, आम्हा मायलेकींची अंगकाठी सारखीच. वहिनींनी काकूंकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि, नशीब, तोंडात टाचण्या होत्या म्हणून काही बोलल्या नाहीत.

तर काकू एका बाहीचा कोट घालून, हात पसरून, बुजगावण्यासारख्या उभ्या. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होता. म्हणाला, आई, शेवटची पायरी. आत्ता फोनवर एक आकडा येईल, तो मला वाचून दाखवा. लगेच दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

लेकीची जागा जाणार! आकडा तर आला. पण वहिनी हाताच्या अंतरावर, कान टवकारून. काकूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, कोटाची कॉलर तोंडावर ओढली आणि कुजबुजत विचारलं, सांगू का? मागून वहिनींचं सुरू झालं, अं, अं, अं. टाचण्यांनी भरलेल्या तोंडानं माणूस आणखी काय बोलणार? मान हलवत होत्या, हातवारे करत होत्या. काकूंना वाटलं, बाईला ऐकायची हाव सुटली आहे.

"वहिनी, जरा कान आवरा," असं म्हणून काकूंनी कॉलरच्या आडून पहिला आकडा सांगितला, दुसरा सांगितला, आणि तिसऱ्याला त्यांच्या काखेत टाचणी घुसली.

आई गं म्हणत काकूंनी उडी मारली. फोन सुटला तो घसरत कपाटाखाली. आणि कपाटाखालून तो तुपाळ आवाज यायला लागला, आई? पुढचा आकडा? आई?

वहिनींनी तोंडातल्या टाचण्या शांतपणे एकेक काढून टाचण्यांच्या उशीत खोचल्या. मापाच्या पट्टीनं फोन बाहेर ओढला आणि बंद केला.

"मुद्दाम टोचलंत तुम्ही," काकू कडाडल्या.

"मुद्दामच टोचलं. तोंडानं बोलता येत नव्हतं."

"माझ्या लेकीची नोकरी घालवलीत!"

म्हणजे भाच्याचं लग्न नाही, एवढं वहिनींना तिथंच कळलं. पण त्या हसल्या नाहीत. आपल्या बहिणीच्या मुलाला असंच फसवलं होतं, त्याच्या नावावर कुणीतरी कर्ज उचललं आणि वसुलीवाले त्याच्या दारात आले, हे त्यांनी सांगितलं. काकू ऐकेनात. माणूस चांगला होता, कंपनी मोठी होती, असंच चाललं होतं.

तेव्हा वहिनींनी तो अर्धा कोट धरून काकूंना स्टुलावर बसवलं. "काकू, कापड हातात आल्याशिवाय मी कुणाचं माप घेत नाही. आणि कोट शिवायचा असेल तर तळपायाचं माप मागत नाही. या साहेबानं तुम्हाला कापड दाखवलं का? मुलाखत घेतली? ऑफिस दाखवलं? नुसती मापं घेत सुटलाय."

"कुणाला सांगू नका, असंही म्हणाला होता हो," काकू बारीक आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, आपलं भलं बघतोय."

"चार लोकांना कळलं तर त्याचं बिंग फुटेल ना. म्हणून."

आता काकूंना हिशोब लागला. त्या माणसाला लेकीची जन्मतारीख माहीत, सही माहीत, खातं माहीत. आणि समोरच्या दारातल्या वहिनींना, पोर नोकरी शोधतेय एवढंही माहीत नव्हतं. कुलूप लावलं होतं खरं, पण किल्ली चोराच्या हातात देऊन.

लेक आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला, पण ती रडत बसली नाही. आधी बँकेला फोन करून खातं गोठवलं. मग त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर शोधून विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, की या नावाचा कुणी साहेब इथे नाही, मुलाखतीआधी आम्ही खातं मागत नाही, आणि फोनवर आलेला आकडा तर कुणालाच द्यायचा नसतो. मग मायलेकी पोलिसांत तक्रार देऊन आल्या. येताना लेक म्हणाली, मलाही शंका आली होती गं, पण जास्त विचारलं तर नोकरी हातची जाईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुलूपकाकू दारोदार हिंडल्या. ज्या बाईनं कधी भाजीचं नाव सांगितलं नव्हतं, तिनं आपली फजिती घरोघरी बसून सांगितली. वरच्या मजल्यावरची आई ऐकता ऐकता पांढरी पडली. तिच्या मुलालाही त्याच साहेबाचे फोन येत होते. तुमच्या मुलाला फार छान वळण लावलंय, असं तिलाही म्हणाला होता. खात्यापेक्षाही हे काकूंना जास्त लागलं.

चार दिवसांनी साहेबाचा नव्या नंबरावरून फोन आला, पुन्हा आकडा मागायला. काकूंनी आवाज मोठा केला आणि वहिनींना जवळ बसवलं.

"सांगते की, सगळं सांगते," काकू म्हणाल्या. "आधी तुमचं सांगा. पूर्ण नाव? जन्मतारीख? ऑफिस कुठल्या रस्त्यावर? आणि तुमच्या आईनं तुम्हाला हे असलं वळण कधी लावलं?"

फोन कट झाला. पुन्हा आला नाही.

लेकीला पुढे दुसऱ्या ऑफिसातून बोलावणं आलं. जायच्या आधी तिनं त्या ऑफिसला स्वतः फोन करून खात्री केली. कोटाची डावी बाही बोटभर आखूड होती, कारण त्या दिवशी तेवढीच काकूंच्या हातावर मापली होती. तिथे कुणी बाही बघितली नाही. काम काय येतं ते विचारलं, बसायची जागा दाखवली, आणि खातं, ओळखपत्र मागितलं ते नेमणुकीचं पत्र हातात दिल्यावर, ऑफिसातच. ती मुलाखतीला निघाली तेव्हाच काकूंनी साऱ्या इमारतीला सांगून टाकलं होतं. नजरबिजर काही लागली नाही.

तेव्हा वाचकहो, आपलं नाव, सही, खातं, जन्मतारीख हीसुद्धा घरातली दागिन्यांची पेटीच आहे. नोकरी देणारा खरा माणूस आधी काम दाखवतो, घाई करत नाही आणि कुणाला सांगू नका म्हणत नाही. कुणी गोड बोलून मागू लागला, तर फोन ठेवा, कंपनीचा खरा नंबर स्वतः शोधा, आणि शेजारच्या दारावर थाप मारून विचारा. विचारण्यात कसली आलीय लाज!

कुलूपकाकूंनी तोंडाचं कुलूप काढलं ते कायमचं. साखरेच्या डब्याचं मात्र अजून आहे. आणि वय विचाराल तर, तुम्हीच अंदाज करा.